मायसाठी मुसळीची भाजी

तापातून उठल्यावर मायनं पंधरा दिवस भाकरीला हात लावला नव्हता. "आता माझं झालं," असं रोज म्हणायची. मला राग यायचा आणि भीतीही वाटायची. एका सकाळी मात्र म्हणाली, "मुसळीची भाजी खावीशी वाटून राहिली." ही रानभाजी लातूरच्या बाजारात येत नाही. भोकरच्या पलीकडं, मायच्या माहेरच्या डोंगरात, मृगानंतर उगवते. शाळेत चार दिवसांची रजा टाकली आणि निघालो.

कुणाला जायचं असेल तर वाट अशी: मोटारीनं लातूर रोड स्टेशन, तिथून निजाम सरकारच्या रेल्वेनं परळी, गाडी बदलून परभणी, पूर्णा, नांदेड. अख्खा दिवस जातो. निजामाच्या हाली रुपयाची मोड जवळ ठेवा, टांगेवाल्याकडं ती कधीच नसते. नांदेडात स्टेशनाबाहेर भजी खाल्ली. तुम्ही खाऊ नका. दुसऱ्या सकाळी भोकरची मोटार आणि पुढं बैलगाडी.

मामा वारल्यापासून मामी एकटीच राहते. मायचं ऐकून तिनं लगेच विळा काढला. "चुलीवरचं उतरवते, थांब," म्हणाली. थांबणं मला कधी जमलेलं नाही, मी पुढं गेलो. उतारावर भाजी दिसली, कांद्याच्या पातीसारखी पण चपटी. आमच्याकडं मेथीची जुडी मुळासकट मिळते, तशीच भराभर उपटली. खाली बोटाएवढी पांढरी मुळं निघाली तेव्हा बरंच वाटलं, मुळासकट नेली तर लातूरपर्यंत टिकेल.

मामी आली, ढीग बघितला आणि विळा खाली ठेवला.

"मास्तर, हे मेथीचं वावर न्हाई. ह्याच मुळातून पुढच्या साली पाला येतो. मी नवी नवरी होते तवा तुज्या मायनंच मला कापाया शिकवलं."

"पण मामी, नुसता पाला वाटेत सुकंल. माय खाईल काय?"

"सुकू दे. आधी हे पुरून टाक."

अकरा गड्डे होते. ती बघत असताना एकेक परत लावला. लाज वाटली. मग तिनं दुसऱ्या झाडांची पात मातीपासून बोटभर वर कापली, प्रत्येकाला थोडी ठेवत. दुपारी भिजवलेली तूरडाळ, लसूण, मिरची आणि करडईच्या तेलात भाजी केली. पांढरा देठ काढून टाकायचा, तो चिवट लागतो. मी तीन भाकरी खाल्ल्या.

परतताना जुडी ओल्या फडक्यात, वरून पळसाची पानं. स्टेशन आलं की पाणी शिंपडायचो. परळीला शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "हे गवत कुठं नेऊन राहिले?"

"लातूरला. तिथं मिळत नाही."

ते जरा सरकून बसले.

घरी पोचेपर्यंत निम्मी जुडी कोमेजली होती. मायनं ती हातात घेतली आणि आधी उलटी केली. कापलेल्या टोकांवरून बोट फिरवलं.

"मुळं रानात ठिवलीस?"

खोटं बोलता आलं असतं. "आधी अकरा उपटली, माय. मामीनं परत लावायला लावली."

तिनं जुडी सुलटी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "लागली का न्हाई, पुढच्या साली बघाया पायजे. मी बी येते. तुला एकट्याला ती जागा घावायची न्हाई."

पुढच्या सालाचं नाव तिनं काढलं, आणि माझे डोळे भरून आले. बायकोनं तवा ठेवला. मायनं अर्धी भाकरी खाल्ली, आणि आणखी अर्धी मागून घेतली.