ताठ पाठीला एमसी नाही

सिंगापुरात पासिर रिसला राहणाऱ्या पद्माकर लेल्यांची पाठ बुधवारी सकाळी बुटाची नाडी बांधताना धरली ती धरलीच. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीतला हा अकाउंटंट. वीस वर्षांत कधी खोटं बोलला नाही. वार्षिक रजेचा एकच दिवस उरलेला, आणि तो शुक्रवारी पुण्यात अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, सहस्रचंद्रदर्शनासाठी जपून ठेवलेला.

बायकोने, मेधाने, त्यांना टॅक्सीत कोंबून सेरंगूनला अनघाकडे नेलं. अनघा ऑस्टिओपॅथ. दुखतंय कमरेत आणि ही बाई तपासतेय घोटा! कसे बसता, कुठल्या कुशीवर झोपता, लहानपणी पडला होतात का, सगळी कुंडली विचारून झाली. मग नुसत्या हातांनी इथे दाबलं, तिथे वळवलं, आणि लेले ताठ.

खूश होऊन त्यांनी एमसी मागितली. आजारपणाचा हा दाखला नसेल तर ऑफिस शुक्रवारची रजा आजच कापणार. अनघाने समजावलं, अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले पुरते डॉक्टर असतात, औषधं देतात, ऑपरेशनंही करतात. ती मात्र इंग्लंडात शिकलेली, तिला औषध लिहिता येत नाही की एमसी देता येत नाही. त्यासाठी डॉक्टरच हवा.

घ्या! म्हणजे बरं करणारीकडे कागद नाही. लेले घराखालच्या क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टरने वाकवलं, उठवलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला.

"तुम्हाला काहीच झालेलं नाही. एमसी कशाची देऊ?"

लेल्यांच्या डोळ्यांपुढे अण्णा आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नाटक केलं. 'आई गं' म्हणत कळवळून वाकले, आणि पाठ खरोखरच धरली. डॉक्टर भला माणूस. लगेच गोळ्या आणि दोन दिवसांची एमसी!

मेधा म्हणाली, चला परत अनघाकडे. लेले हटून बसले.

"एमसी संपायच्या आत बरा झालो, तर ती खोटी नाही का ठरणार?"

शुक्रवारी पहाटेच्या विमानाने ते तसेच वाकलेले पुण्याला पोचले. दरवर्षी गुडघ्यापाशी हात नेऊन नमस्कार उरकणारा मुलगा दारातूनच वाकून आलेला पाहून अण्णांचे डोळे भरले.

"किती वर्षांनी असा वाकलास रे!"

मेधा खरं काय ते सांगणार होती. लेल्यांनी तिचा हात दाबला. अण्णा पाठीवरून हात फिरवत राहिले. पाठ काही सुटली नाही, पण लेल्यांनीही उठायची घाई केली नाही.