तांडेलांचा नवा खलाशी

तांडेलांना डावं-उजवं माहीत नव्हतं. म्हणजे माहीत असणारच, पण सगळं आयुष्य होडीचा तांडेल म्हणून सुकाणू धरण्यात गेलेलं, त्यामुळे त्या शब्दांना त्यांच्या घरात थारा नव्हता. "बाई, पाट जरा दर्याच्या अंगाला सरकवा," असं ते म्हणत. मीठ हवं असलं तर "खाडीच्या अंगाची बरणी द्या." धाकट्या डहाणूच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी त्यांच्या घरी राहायला गेले, तेव्हा पहिले काही दिवस जेवताना मला दिशा शोधाव्या लागत. पुढे इतकी सवय झाली की वर्गात नकाशा शिकवतानाही माझा हात आधी दर्याकडे वळायचा.

दुसरं वेड वस्तू जिथल्या तिथे ठेवण्याचं. तांब्या त्याच कोनाड्यात, काठी त्याच खुंटीला. एकदा मी भिजलेली छत्री वाळायला म्हणून दारात उघडी ठेवली. तांडेल तिच्यावर आदळले आणि त्यांचा आवाज सगळ्या आळीनं ऐकला. "होडीत दोर शोधत बसाल तर शीड फाटंल! हे घर हाय का धक्का?" मी घाबरून आत पळाले. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकी म्हणायचो. त्या चुलीपाशी बसल्या बसल्या हसल्या. "आयुष्यभर खलाशांवर ओरडले, बाय. आता खलाशी नायत, म्हणून तू."

ते खरंच होतं. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. गावातल्या होड्यांना एकेक करून इंजिनं बसत होती. तांडेलांनी सुकाणू पुतण्याच्या हाती दिलं आणि घरी बसले. कारण विचारलं की गुडघ्यावर थाप मारत. "हा गेला. उभं राहवत नाय." आणि लंगडत. फक्त सकाळी एका पायानं लंगडत आणि संध्याकाळी दुसऱ्या. मला वाटे, या वयात दुखणं फिरत असेल. काकी दिवसभर टोपली घेऊन डहाणू रोडला, बाजाराच्या दिवशी थेट तलासरीला जात. मागे हा एवढा मोठा माणूस, ज्याच्या एका हाकेवर भर दर्यात जाळी सुटत, रिकाम्या घरात बसून राही. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

मग ते एकदा वरोरला कुणाच्या तरी बाराव्याला गेले आणि येताना कुत्रा घेऊन आले. तिथे किनाऱ्यावर बसले असताना त्यानं त्यांच्या पिशवीतल्या सुक्या बोंबलांत तोंड घातलं होतं. तांडेलांनी तिथल्या तिथे त्याची मान पकडली आणि जाळ्याच्या दोरीनं बांधून घरी आणला. तांबूस रंग, एक कान अर्धा फाटलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा.

"आपला नवा खलाशी," त्यांनी दारातूनच सांगितलं.

"चोर घेऊन आलात?" काकी म्हणाल्या.

"चोर नाय. त्याला कुणी शिकवला नाय, एवढंच."

काकींचा राग उगाच नव्हता. आमच्या आळीत दारादारात दोऱ्यांवर बोंबील सुकत. सगळ्या घरांचं पोट त्या दोऱ्यांवर टांगलेलं असे. तिथे कुत्र्याच्या नावाला एकदा चोरीचा बट्टा लागला की बायका त्याला होडीत घालून खाडीपलीकडे सोडून येत आणि मग त्याचं काय झालं हे कुणी विचारत नसे. काकींनी चूल फुंकता फुंकताच निकाल दिला. "होळीपर्यंत शिकला तर राहील. नायतर मीच सोडून येईन."

त्या दिवसापासून तांडेलांच्या अंगात पुन्हा वारा भरला. स्वयंपाकघरात त्यांनीच पूर्वी मोडक्या होडीच्या फळ्या विटांवर टाकून काकींसाठी ओटा केला होता. शिजलेलं सगळं त्यावर असे. त्या ओट्याला खेटून स्टूल टाकून ते पहारा देत बसू लागले. मांडीवर काठी आडवी. ती त्यांनी कधी उचलली नाही, शिकवणी सगळी तोंडी होती. "खलाशी! होडीवर आधी दर्याला घास, मग तांडेलाला, मग तुला. तोवर तोंड मिटून बसायचं. समजला?" खलाशी शेपूट हलवे. तांडेल आमच्याकडे वळून म्हणत, "समजला."

दोऱ्यांवरच्या बोंबलांकडे खलाशी ढुंकूनही बघत नव्हता. तिथल्या बायकांचा नेम चांगला होता. पण घरातल्या ओट्यावरून वस्तू जातच राहिल्या. भाकरीची चवड चांगली ठेवावी तर वरची गायब. तळलेल्या मांदेलीचं ताट निम्मं रिकामं. काकी बाजारातून येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहत आणि तांडेल शपथेवर सांगत, "मी इथून उठलो नाय. तो जागचा हलला नाय." मग मांजरीवर संशय गेला. शेजारच्या कावळ्यांवर गेला. एकदा तर तांडेल मिशीत हसत म्हणाले, "बाईंना शाळेतून आल्यावर भूक फार लागते." मी फुगून बसले, तेव्हा संध्याकाळी माझ्या ताटात त्यांनी स्वतःच्या वाटणीची कोळंबी घातली. होळी मात्र जवळ येत होती, आणि काकींनी पुतण्याला होडीचं विचारूनही ठेवलं होतं.

एका रविवारी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत होते. काकींनी हलवा माशाचे तुकडे तळून ताटात काढले, ताट ओट्यावर ठेवलं आणि त्या विहिरीवर गेल्या. तांडेल स्टुलावर, खलाशी कोपऱ्यात. "बघा बाई," तांडेल म्हणाले, "आज कसा बसलाय. मासा नाकासमोर, पण हलत नाय."

मी मान वर केली. खलाशी उठला होता. एकेक पाऊल उचलत तो तांडेलांच्या पुढ्यात आला, त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, दोन पाय ओट्यावर ठेवले आणि त्यांच्या कोपराला लागून असलेल्या ताटातून एक तुकडा अलगद उचलला. तांडेल कोपऱ्याकडे बघत मान डोलावत होते. "शिस्त लागते, बाई. वेळ द्यावा लागतो."

दारात काकी उभ्या होत्या, डोक्यावर हंडा, आणि त्यांनीही तेच पाहिलं होतं. आता घर डोक्यावर घेतील असं मला वाटलं. त्यांनी हंडा हळूच खाली ठेवला. नवऱ्याकडे बघितलं. छत्रीवर आदळणं, वस्तूंच्या जागा, गुडघा, सुकाणू सोडणं, सगळं माझ्या डोक्यात एकाच वेळी जुळलं. त्यांच्याही जुळलं असणार. किनाऱ्यावरच्या खुणा दिसेनाशा झाल्या म्हणून ते दर्यावरून परतले होते. ते कुणाला सांगायची लाज वाटली, म्हणून गुडघा पुढे केला होता. आम्ही त्यांच्या ताटाला ताट लावून जेवत होतो आणि आमच्या आधी ते कुत्र्याला कळलं होतं.

"होय," काकी म्हणाल्या. "बसलाय खरा."

दुसऱ्या दिवसापासून काकी बाजारातून लवकर परत येऊ लागल्या. दुपारी तांडेल ओटीवर आडवे झाले की त्या खलाशाला घेऊन बसत. कोपऱ्यात गोणपाट टाकलं. तो त्यावर बसला की सुक्या करंदीची, त्या बारीक कोळंबीची, चिमूट तिथेच, हातानं. उठून ओट्याकडे वळला की ताटावर झाकण आणि काकींची पाठ. परत गोणपाटावर गेला की पुन्हा करंदी. चूल पेटवण्याआधीच त्याच्या करवंटीत भात पडू लागला, म्हणजे स्वयंपाकाच्या वेळी त्याचं पोट भरलेलं असे. मी लाडानं पानातलं काही टाकायचे, ते काकींनी बंद केलं. "तूच त्याला बिघडवतेस, बाय." ज्या कुत्र्याला त्या खाडीपलीकडे सोडणार होत्या, त्याच्यासाठी बाजार बुडवत होत्या.

एक दुपार मला अजून स्वच्छ आठवते. खलाशी पुन्हा ओट्याकडे निघाला होता. काकींनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि माणसाशी बोलावं तसं त्या बोलल्या. "ए चोरा, ऐक. माझं चोर. मला दिसतंय, मी काठी घेईन, आपलं आपण बघून घेऊ. त्यांचं नाय घ्यायचं. त्यांना दिसत नाय रे. दिसत नाय त्याचं घेतलंस तर तू कुत्रासुद्धा नाय." मी तांदळाच्या डब्यात उगाच हात घालून उभी राहिले.

ओटी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता कुडाचा आडोसा होता. तांडेल झोपलेत असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणातून विहिरीकडे गेले ते सरळ, न लंगडता. एक हात पुढे, कुंपणाला लावलेला. काकी भाकरी थापत होत्या. त्यांनी बघितलं, भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला, मग म्हणाल्या, "गुडघा बरा झाला वाटतं."

"झाला."

"मग उद्या दवाखान्यात चला माझ्यासंगं."

"चल," तांडेल म्हणाले. एवढ्यावरच ते सगळं मिटलं. पुढे कितीतरी लग्नं मी पाहिली, माझं स्वतःचंही झालं, पण दोन माणसांनी एकमेकांना इतकं सांभाळून घेतलेलं क्वचितच पाहिलं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्यात उरलं होतं ते थेंब घालून टिकेल तितकं टिकवायचं. लवकर यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा काकी त्यांच्यावरच उखडल्या. "आले ना आता? आता आले त्याचं बोला." येताना तांडेलांनी काही बायकोचा हात धरला नाही. तिच्या टोपलीच्या काठावर बोटं ठेवून चालले. आळीत शिरताना मात्र तीही काढून घेतली.

होळीच्या दिवशी आळीतल्या बायका मुद्दाम बघायला आल्या. ओट्यावर पुरणपोळ्या उघड्या, शेजारी तांडेल, गोणपाटावर खलाशी. नाकपुड्या फुगत होत्या, लाळ गळत होती, पण तो उठला नाही. "शिकवावं लागतं," तांडेल म्हणाले. काकींनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुस्ती जोडली, "यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नाय मेला." आणि आत जाऊन डोळे पुसून आल्या. पुढे तो तांडेलांच्या पुढे पुढे किनाऱ्यावर चाले. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

काही वर्षांनी माझी बदली तलासरीला झाली. निरोप द्यायला तांडेल फाट्यापर्यंत आले, खलाशी पायाशी. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "बाई, पोरं शाळेत एकमेकांचं खातात म्हणून मारू नका. आधी त्यांना बसायला आपली जागा द्या आणि पोटात काहीतरी घाला. मग बघा." तलासरीत लांबच्या पाड्यांवरून मुलं उपाशीपोटी चालत येत आणि एकमेकांच्या फडक्यातली भाकरी पळवत. मी घरून भाताचं पातेलं नेऊ लागले. माझ्या सगळ्या शिक्षकी पेशात याहून उपयोगी गोष्ट मला कुणी सांगितली नाही.

काकी बाजाराच्या दिवशी तिथे भेटत. सुक्या बोंबलांची टोपली पुढ्यात, माझ्यासाठी पानात बांधलेली करंदी बाजूला. एका पावसाळ्यात त्या आल्याच नाहीत. दसऱ्यानंतर दिसल्या, तेव्हा कपाळ मोकळं होतं. त्यांनीच सांगितलं, मृगाच्या आधी गेले, दुपारी ओटीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. अगदी कोरड्या आवाजात सांगितलं, कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं. मी विचारलं, "आणि खलाशी?"

"परत चोर झाला. बारावं झालं नाय तर ओट्यावरचा मासा उचलला. माझ्यासमोर. माझ्या तोंडाकडं बघत बघत."

"मग? मारलंत?"

"मारू कशी, बाय?" काकी म्हणाल्या. "मीच तर त्याला बोललेली, माझं चोर म्हणून." त्या हसल्या, आणि हसता हसता टोपलीवर वाकून भर बाजारात हमसून हमसून रडू लागल्या. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. मी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी टोपलीपुढे बसले.