जालन्यात ऐकलेलं ‘जाते’

गेल्या आठवड्यात जालन्याला जाऊन आले, आणि खरं सांगते, आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते. मी तशी जन्माचीच भित्री, एसटीत दाराजवळसुद्धा बसत नाही. पण काश्मीरमधलं घरदार सुटलेली काही मुलं इकडे इंजिनिअरिंगला आहेत. त्यांना अधूनमधून भेटायचं, बोलतं करायचं, हे काम मी हौसेनं अंगावर घेतलंय. अंजू त्यातलीच. लहानपणी एका रात्रीत घर सुटलं, मग जम्मूच्या छावणीत वाढली. मागच्या खेपेला ती धड जेवत नव्हती, झोपत नव्हती. “यहाँ से भी निकलना पड़ा तो?” एवढंच विचारायची.

जाणार असाल तर औरंगाबादहून सकाळची एसटी धरा. बदनापूरला चहा बरा मिळतो. उजवीकडची खिडकी मात्र नको, ऊन भाजून काढतं. मी उतरल्यावर मोसंबी घेतली आणि रिक्षानं लतामावशींकडे पोचले. अंजू त्यांच्याकडेच खोली घेऊन राहते.

मावशी दारातच उभ्या होत्या, तोंड पांढरंफटक.

“ताई, पोरगी सकाळी गेल्ती, आजून आली न्हाई. आन् जाताना काय म्हणली माहितंय? ‘मावशी, जाते’!”

“जाते?”

“बिलकुल असंच! येते न्हाई, जाते!”

आपल्याकडे शेजारी विरजण मागायला निघालेली बाईसुद्धा ‘येते’ म्हणते. कॉलेजला सुट्टी होती आणि तिचा मोबाइल खोलीतच वाजत होता. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, “ती गोरी पोरगी? तळ्याकडं गेल्ती की.”

मावशी मटकन खालीच बसल्या. मी त्यांना उठवून रिक्षात कोंबलं. “जल्दी चल रे बाबा!” सगळ्या रस्ताभर मावशी एकेका देवाला हाका मारत होत्या.

काठावर तिच्या चपला दिसल्या. नुसत्या चपला. मी किंचाळले म्हणे, मला आठवत नाही.

“दीदी?”

झुडपामागून अंजू आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कमळकाकडीचा भारा. “आप आने वाली थीं ना. हमारे घर मेहमान के लिए यही बनता था.”

मावशींनी आधी तिला धपाटा घातला, मग मिठी मारून भोकाड पसरलं. “अगं भवाने, जाते म्हणत असतेत का! जाते म्हणलं की मानूस परत येत न्हाई!”

मी हिंदीत समजावून सांगितलं. अंजूनं भारा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, “घर छोड़ते वक़्त तो हमने कुछ भी नहीं कहा था.”

दुपारी दह्यातली कमळकाकडी, भाकरी आणि मावशींचा ठेचा. अंजूनं पुन्हा मागून घेतलं. “चिखलातलं खाऊन राह्यलो,” मावशी म्हणाल्या, “पण ब्येस लागतंय.”

संध्याकाळी स्टँडवर गाडी सुटत होती. घाईत मी म्हणून गेले, “चल, जाते गं.”

अंजूनं माझ्या पिशवीचा बंद धरला. चेहरा सकाळच्या मावशींसारखा. “येते बोलो, दीदी.”

“येते.”

“फिर से.”

“येते गं बाई, येते!” तेव्हा कुठे तिनं बंद सोडला.

घरी आले तरी भीती गेलेली नाही. फोन वाजला की अजून काळजात धस्स होतं. तुम्हीही कधी अशा मुलांना भेटायला गेलात, तर निघताना जपून बोला. आणि ‘येते’ म्हणालात, तर खरंच परत जा. ती मुलं वाट बघतात.