पुढच्या बाकावरचा म्हातारा

हसा, पण आधी चहा संपवा. नाहीतर ठसका लागेल आणि खापर माझ्यावर फुटेल. कारण आज जी फजिती सांगणार आहे ना, तशी वैऱ्याचीसुद्धा होऊ नये!

निजामाच्या अमलातली गोष्ट. तेव्हा औरंगाबादेत शहागंजच्या अलीकडं एक पत्र्याचं थिएटर होतं आणि तिथं माझा एकटीचा खेळ लागायचा. पेटीवर मास्तर, बाकी सगळी मी. सासू मी, सून मी, झिंगून आलेला नवरा मी आणि त्याला धरायला आलेला पोलीसही मीच! पदर डोक्यावर घेतला की सासू, खांद्यावर सोडला की सून, कमरेला खोचला की पोलीस. अधूनमधून गाणी. लोक हसून हसून पोट धरायचे.

मी पडेगावची. शेतकऱ्याच्या घरी सखाराम म्हणून जन्मले, पण आत सखूच होते, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. बापाला ते पटलं नाही. एके दिवशी त्यानं मला आईच्या लुगड्यात पाहिलं आणि आसूड घेऊन वेशीपर्यंत हाकललं. पडेगाव ते शहागंज, चालत गेलं तरी पाय दुखायचे नाहीत एवढं अंतर. पण त्या दिवसापासून मला आई दिसली नाही.

बरं, माझी एक घमेंड ऐका. माणूस ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं! पडद्याच्या फटीतून एकदा बघायचे आणि मास्तरांना सांगायचे, हा बायकोला चुकवून आलाय, तो उधारीच्या कोटात आलाय, आणि तो तिसरा, तो हसणार नाही, त्याचा दात दुखतोय. मास्तर म्हणायचे, "सखूबाई, तुम्ही खुफिया पोलिसात जायला हवं होतं."

तर बाप वारल्याचं कळलं. कळलं कुणाकडून? हमीदाबी मणियारणीकडून. ती गावोगाव बांगड्या भरत फिरायची, त्यामुळं कुणाच्या घरात काय शिजतंय ते तिला ठाऊक. तिच्याच तोंडी मी आईला निरोप धाडला, "एकदा येऊन मला बघ. चिकामागं तुझी जागा धरून ठेवते."

चिक म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा हो. थिएटरात एका अंगाला बायका त्याच्यामागं बसायच्या. त्यांना खेळ दिसायचा, पण आत कोण बसलंय ते बाहेरच्यांना दिसायचं नाही.

चार दिवसांनी हमीदाबी आईचा जबाब घेऊन आली. "बोली, येती म्हनावं. पन मी आलेली कुनालाच कळनार नाय."

मी म्हटलं, बरोबर आहे! थोरल्या भावाला कळलं तर तो घरात घ्यायचा नाही तिला. चिकामागं बसली की झालं. ती आली तर मला आई आहे, नाही आली तर तो विषय आता मिटला, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

खेळ दिवसाउजेडी, चार वाजता. मी नवं हिरवं लुगडं नेसले आणि सगळा खेळ त्या चिकाकडं तोंड करूनच सुरू केला. मास्तर पेटीवरून डोळे वटारताहेत, "अहो, लोक इकडं बसलेत!" पण मला काय त्याचं?

शेवटी लोक कुरकुरायला लागले. तेव्हा त्यांचं मन राखायला म्हणून मी पुढच्या बाकावर एक गिऱ्हाईक हेरलं. डोक्याला पटका, तोंडाला उपरण्याचं टोक लावलेलं, अंग चोरून बसलेला एक म्हातारा. साऱ्या थिएटरात हा एकटाच हसत नव्हता. अशा माणसाला सोडते होय मी?

"काय बाबा! मिशी घरी ठिवून आला का? चोरीला जाईल म्हनून?"

लोक खदाखदा हसले. म्हाताऱ्यानं उपरणं आणखी वर ओढलं.

"लाजलं गं बाई माझं म्हातारं!" मी खाली उतरून थेट त्याच्या पायाशी बसले. "मला घेऊन चला ना घरला. लई गुनाची हाय मी. सैपाक करीन, शेण काढीन. घ्याल का मला घरात?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. होय, होय. एकदा नाही, हलवतच राहिला. लोक बाकांवरून पडायच्या बेताला आले. मीही हसले. म्हटलं, आज खेळ रंगला!

आणि तेवढ्यात चिकामागून हुंदका आला.

संपलं! माझा सगळा खेळ डोक्यातून गेला. मास्तरांना म्हटलं, पेटी बंद करा. आणि आई जात्यावर म्हणायची ती ओवी मी नुसत्या गळ्यानं धरली:

जात्याच्या पाळीवरी पीठ पांढरं सांडलं
माझ्या बाळाच्या वाटंला डोळं मायेनं मांडलं

हुंदक्यावर हुंदका! मग मला कोण आवरणार? मी धावत गेले, चिकापुढं जमिनीला डोकं टेकवलं आणि साऱ्या शहागंजला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "आई! तुझी सखू हाय गं मी! पदरात घे मला!"

आतून एक कोवळा आवाज फुटला. "अगे अम्मा! इनों मेरेकू मां बोलरैं! अब्बी तो शादी हुई मेरी!"

कचेरीतल्या पेशकारसाहेबांची नवी सून होती ती. हैदराबादेहून लग्न होऊन आलेली, वय असेल सोळा-सतरा. माहेर सुटल्याचा हुंदका तिला आधीच आवरत नव्हता, त्यात ओवीतला शब्द कळला नाही तरी चालीनं आपली अम्मा आठवली म्हणून बिचारी रडत होती. आणि इकडं मी, तिच्या दुप्पट वयाची घोडी, तिच्यापुढं लोटांगण घालून पदरात घे म्हणतेय!

थिएटर असं हसलं, असं हसलं की पत्रे थरथरले. त्यांना वाटलं, हाही खेळच! शिट्ट्या काय, टाळ्या काय. आयुष्यात एवढ्या टाळ्या पुन्हा मिळाल्या नाहीत आणि मला तिथंच मरावंसं वाटत होतं. आई आली नव्हती.

आत रंगायच्या खोलीत जाऊन बसले. घुंगरं सोडायचं भान नव्हतं. तर दारात कोण उभं? तोच म्हातारा!

घ्या! म्हटलं, एवढंच बाकी होतं. मान हलवली ती खरीच, थेरड्यानं मनावर घेतलेलं दिसतंय.

"हे बगा बाबा," मी फणकारले, "खेळात म्हनलं ते खरं धरू नका. मी कुनाच्या घरात नांदायला जात नसते. वयाची तरी लाज ठिवा! व्हा घरला!"

म्हातारा गेला नाही. उपरणं तोंडावरून खाली आलं.

"नांदाया नगं येऊस. नुसती भेटाया तरी येशील का नाय, सखू?"

अहो, तो आवाज! मी उठायला गेले ती घुंगरात पाय अडकून त्याच्याच अंगावर पडले. पटका खाली घरंगळला. आत पांढऱ्या केसांचा बुचडा आणि कपाळावर हिरवं गोंदण. धोतर बापाचं, सदरा बापाचा आणि आत माझी आई!

"तू... चिकामागं का नाय बसलीस?"

"हमीदा म्हनली, तितं दारातच इचारत्यात, कुनाच्या घरची म्हनून. काय सांगू? मग म्हनलं, गड्यांना कोन इचारतंय! तुज्या बापाचं धोतर नेसले, दौलताबादच्या सीताफळाच्या गाडीत बसले, आले. लई भ्या वाटत व्हतं बाई. पन तू खाली यिऊन इचारलंस, घेता का घरात. मग मला कशाचं भान ऱ्हायलं नाय."

मी नुसती तिला धरून रडत होते आणि तोंडाचा रंग तिच्या सदऱ्याला लागत होता. तिनं माझ्या लुगड्यावरून हात फिरवला. "हिरवं चांगलं दिसतंय तुला," म्हणाली.

बाहेर गाडीवानानं हाक दिली. दिवस मावळायच्या आत पडेगाव गाठायचं होतं. आई खाली वाकली आणि तिथंच थबकली. पटका सुटून त्याचा लांबच लांब फडका झाला होता.

"तुजा बाप बांधून खुंटीला अडकवायचा, तसाच्या तसा डोक्यावर ठिवला व्हता गं. मला कुटं बांधता येतोय? तूच बांध."

मी हातात घेतला. एक वेढा दिला, घसरला. दुसरा दिला, डोळ्यांवर आला. तिसऱ्यात तिचा एक कान आत, एक बाहेर! शेवटी दाराबाहेरून मास्तरांना हाक मारावी लागली. त्यांनी दोन मिनिटांत ठाकठीक बांधून दिला आणि काही न विचारता निघून गेले.

आईनं आरशात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि साऱ्या खेळात जी हसली नव्हती ती बाई पदर नाही म्हणून उपरणं तोंडाला लावून खुदुखुदु हसायला लागली.

"बरं केलंस गं सखू, लुगडं नेसलीस ते. गडी म्हनून तू काय कामाचीच नव्हतीस!"