माठातला वूफर
सोल्डरच्या धुराचा वास आला की मला डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमधला आमचा पाण्याचा माठ आठवतो. दादाने त्याच्या तोंडावर स्पीकर बसवून वायरी सोल्डर करून ॲम्प्लिफायरला जोडल्या. आई भडकली, "मेल्या, आता पाणी कशात भरू?" "रविवारी आशागडच्या कुंभाराकडून नवा आणतो गं!" गाणं लागलं, माठ घुमला, आणि रागातही आईने त्याला तळवा लावून पाहिला. त्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, दादा धाकटी डहाणू गावच्या खाडीत बुडाला. पुढे बाबांनी नवा माठ आणला, तो आईने दारातूनच परत पाठवला. म्हणाली, "तो आणणार आहे." सगळा उन्हाळा आम्ही स्टीलच्या पिंपातलं कोमट पाणी प्यायलो. परवा माझ्या मुलाने सबवूफर जोडला, खोली घुमली, आणि माझ्या तोंडात त्याच कोमट पाण्याची चव आली.