आजारी स्ट्रॉबेरी मांडीवर घेऊन उटीला

ऑक्टोबरात आमच्या म्हैसूरच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी जाहीर करून बसले: यंदा संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला माझ्याकडचं वाण म्हणजे घरची स्ट्रॉबेरी. गेल्या वर्षी एकीने चहाची गाळणी लुटली होती, एकीने प्लास्टिकचे डबे. मला काहीतरी वेगळं करायचं होतं. शिवाय मी वाईची. पाचगणी-महाबळेश्वर उशाशी, म्हणजे स्ट्रॉबेरी रक्तातच असणार, अशी माझी समजूत.

"वाईत हळद पिकते," मंदार म्हणाला. मंदार म्हणजे माझा नवरा. त्याला असल्या वेळी भूगोल आठवतो.

म्हैसूरची हवा छान असते, हे सगळेच सांगतात. स्ट्रॉबेरीला कुणी सांगितलं नसावं. गच्चीत ओळीने मांडलेल्या कुंड्यांपैकी निम्म्या दिवाळीलाच आटोपल्या. उरलेल्यांना पानं आली, पानांना ठिपके आले. डिसेंबरात एक फळ धरलं, हरभऱ्याएवढं. त्याचे मी वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढून ग्रुपवर टाकले. दुसऱ्या दिवशी ते बुलबुलाने खाल्लं. फोटोंखाली मात्र "वाट बघतोय हं" असे निरोप जमत राहिले.

शेवटी मी ठरवलं, उटीला जायचं. तिथे थंडीत स्ट्रॉबेरी होते, छोट्या छोट्या वाफ्यांत गाजर-बीट-कोबीच्या शेजारीच लावतात. तिथून फळं आणायची, टोपल्यांत भरायची आणि कुठून आणली ते बोलायचं नाही. 'घरची' हा शब्द काही खोटा नव्हता. कुणाच्या तरी घरची असणारच. आणि जाताजाता माझी शेवटची जगलेली कुंडीही न्यायची. आमच्याकडे पूर्वी आजारी माणसाला हवापालटासाठी पाचगणीला नेत. मी रोपाला नेत होते.

संक्रांत झाल्यावरच्या शनिवारी पहाटे निघालो. बरोबर पद्माकाकू. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात आणि घरमालकही त्याच. त्यांचं घराणं चार पिढ्या म्हैसुरात. घरी मराठी बोलतात, पण निम्मी कन्नड. डोक्याला माकडटोपी, हातात एळ्ळु-बेल्लाचा डबा. आपल्या तिळगुळासारखंच ते; तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे एकत्र.

मंदारने सगळ्या बॅगा मागच्या सीटवर काकूंच्या शेजारी रचल्या.

"मंदारा, डिक्कीत ठेव की रे. मी काय बॅग आहे काय?"

"डिक्कीत स्टेपनी आहे, काकू."

"एवढी दोड्ड स्टेपनी? लॉरीची आहे का?"

त्याने गाडी सुरू केली. मी मांडीवर कुंडी घेऊन पुढे बसले होते, आणि कुंडी मांडीवर असली की माणसाला दुसरं काही सुचत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. नंजनगूडला इडली-वडा खाऊन घ्या, पुढे खाण्याची सोय आहे पण नंजनगूडच्या चटणीची सर नाही. गुंडलुपेटेनंतर बंदीपूरचं जंगल लागतं. त्यातला रस्ता रात्री बंद असतो, त्यामुळे परतीची वेळ आधीच ठरवा. जंगलात गाडी थांबवायची नाही, हत्ती दिसला तरी नाही. निलगिरीत शिरायला गाडीचा ई-पास घरूनच काढा आणि प्लास्टिकच्या बाटल्या घरीच ठेवा, नाक्यावर काढून घेतात. आमच्याही काढून घेतल्या. मग तपासणाऱ्या माणसाने माझ्या मांडीकडे बोट दाखवलं.

"हे काय?"

"स्ट्रॉबेरी," मी म्हणाले.

"उटीला स्ट्रॉबेरी घेऊन चाललाय?"

काकूंनी मागून कन्नडमध्ये सांगितलं की रोप आजारी आहे, दाखवायला नेतोय. त्याने पानांवरचे ठिपके नीट बघितले, मान हलवली आणि आम्हाला सोडलं. रोपाची नातेवाईक असल्यासारखं मी त्याचं ते मान हलवणं मनाला लावून घेतलं.

गुडलूरहून चढ सुरू झाला तशी कानांत दडे बसले. निलगिरीचा वास आला, मग चहाचे मळे, आणि मग उटीच्या पलीकडे केट्टीचं खोरं. अख्खा उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला, प्रत्येक पायरीवर वेगळी भाजी. एका शेडमध्ये मोठं पिंप गरगर फिरत होतं. त्यात मातकट गाजरं एका तोंडाने जात आणि दुसऱ्या तोंडाने केशरी होऊन बाहेर पडत. मंदार ते बघत इतका वेळ उभा राहिला की शेडवाल्याने त्याला एक गाजर देऊन वाटेला लावलं.

आम्ही उतरलो ते गिरिजाच्या घरी. वरच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते. भाडं उटीच्या हॉटेलांपेक्षा कमी आणि जेवण घरचं. जेवायला घेवड्याची दाट आमटी आणि नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे मऊ गोळे होते. काकूंनी दोनदा वाढून घेतलं. गिरिजा निलगिरीतल्याच बडगा समाजातली. त्यांची भाषा कन्नडला इतकी जवळची की काकू आणि ती पहिल्या पाच मिनिटांतच एकमेकींच्या सुना-जावयांपर्यंत पोचल्या. मला तिच्याशी इंग्रजीवर भागवावं लागलं. ती कोईमतूरला बँकेत होती, नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी गावी परत आली.

मी तिच्यापुढे कुंडी ठेवली. तिने पानं उलटून बघितली.

"काय झालंय?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मीही व्हिडिओ बघूनच शिकले. पहिल्या वर्षी निम्मी रोपं मारली."

मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

तिची स्ट्रॉबेरी सगळ्यात खालच्या पायरीवर होती, ओढ्याच्या काठाला. गादीवाफ्यांवर ओळीने रोपं, पानांखाली लाल-पांढरी फळं लोंबत होती. मी मनातल्या मनात टोपल्या भरायला लागले. तेवढ्यात गिरिजाने आकाशाकडे बघितलं. एकही ढग नव्हता, वाराही पडला होता. मला ती उत्तम सहलीची हवा वाटली.

"आज दंव गोठणार," ती म्हणाली. "थंडी वरून उतरते आणि इथे खाली येऊन बसते. उघडी राहिलेली फळं सकाळी काळी होतात. उद्या सकाळी काही उरलं तर तुम्हाला देईन."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी फक्त माझ्या वाणाचं दुःख केलं असतं. पण काकूंनी तिच्याकडून पुढचंही काढून घेतलं. जमीन वडिलांची; कसतो मोठा भाऊ, आणि सगळ्या पायऱ्यांवर गाजर. त्याने हिला ही एक पायरी या हिवाळ्यापुरती दिली होती. त्याचं म्हणणं, गाजर शहाणं, डोकं मातीत ठेवतं, वर काय वाट्टेल ते गोठो. स्ट्रॉबेरी म्हणजे टुरिस्टांचं फळ. त्याने आजवर एकसुद्धा तोंडात घातलेली नव्हती. उद्या सकाळी तो बघायला येणार होता. फळं जळालेली दिसली तर पायरी परत गाजराला.

"मग बँकेत परत जाशील का?" काकूंनी विचारलं.

"बँक परत घेत नाही, अम्मा," गिरिजा म्हणाली आणि गवताचा भारा उचलायला गेली.

मग आम्ही सगळेच लागलो. वाफ्यांवर काड्यांच्या कमानी होत्या, त्यांवर जुन्या साड्या, पोती, वाळकं गवत पसरायचं आणि कडेने दगड ठेवायचे. मी कडेचे दगड नेमके फळांवर ठेवत होते. गिरिजाने दोनदा बघितलं आणि काकूंना काहीतरी म्हणाली. काकू हसल्या.

"काय म्हणाली?"

"म्हणते, दंव परवडलं. तू सुम्ने, गप उभी राहा गं."

सूर्य डोंगराआड गेला आणि बोटं वाकेनाशी झाली. साड्या संपल्या, पोती संपली. ओढ्याकडच्या ओळी तशाच उघड्या होत्या, आणि फळं जास्त तिथेच. गिरिजा घरातून चादरी घेऊन आली, त्याही अपुऱ्या पडल्या. ती कमरेवर हात ठेवून त्या ओळींकडे बघत राहिली. तिचा चेहरा बघून मला माझ्या टोपल्यांची लाज वाटली.

मंदार खाकरला. "माझ्याकडे आहे थोडं कापड," तो म्हणाला आणि गाडीकडे गेला.

डिक्की उघडली. स्टेपनी होती, पण ती दिसत नव्हती. तिच्यावर मोठ्या सुती टॉवेलांचे गठ्ठे होते, घाऊक दुकानातून आणलेले. मी एक उलगडला. त्यावर लाल अक्षरांत छापलं होतं: हळदी-कुंकू, सप्रेम भेट, सौ. वैशाली.

"हे कधी केलंस?"

"नोव्हेंबरात."

"नोव्हेंबरात? तेव्हा तर चार कुंड्या जिवंत होत्या."

"मी वर जाऊन बघितल्या होत्या ना," तो म्हणाला.

मला राग आला. खरं तर वाईट वाटलं. मी रोज सकाळी त्या कुंड्यांशी बोलायचे आणि हा मागून टॉवेल छापून घेत होता. पण भांडायला वेळ नव्हता आणि भांडायला तोंड उघडलं तर दात वाजत होते. आम्ही टॉवेल दुहेरी करून पसरत गेलो. या वेळी दगड मी कडेलाच ठेवले. शेवटच्या ओळीच्या टोकाला गिरिजाने माझी कुंडी फोडून रोप मातीत लावलं आणि त्यावरही एक टॉवेल घातला.

सकाळी खिडकीतून बघितलं तर खोरं पांढरं होतं. गवतावर, छपरांवर, गाजराच्या पाल्यावर जणू कुणी मीठ पेरलेलं. आम्ही खाली गेलो. टॉवेल पापडासारखे कडक झाले होते, आणि ओळीच्या ओळी माझं नाव घेऊन उभ्या होत्या. अख्ख्या उताराला मी हळदी-कुंकवाला बोलावलं होतं असं वाटत होतं. घाईने पहिला टॉवेल ओढायला गेले तर गिरिजाने हात धरला. ऊन पडून तो मऊ होईपर्यंत थांबायचं होतं. म्हणून आम्ही थांबलो, आणि त्या थांबण्यातच तिचा भाऊ आला. पन्नाशीचा, अंगावर पांढरी शाल, हातात गाजराच्या बियाण्याची पिशवी. बियाणं घेऊनच आला होता.

त्याने टॉवेलांकडे बघितलं. "हे काय लिहिलंय?"

"प्रेमाने दिलंय, असं लिहिलंय," काकूंनी कन्नडमध्ये सांगितलं.

"कुणी? कुणाला?"

काकूंनी त्याच्यापुढे एळ्ळु-बेल्लाचा डबा उघडला.

ऊन आलं. गिरिजा एकेक टॉवेल उचलत गेली. मला बघवत नव्हतं, म्हणून मी मंदारकडे बघत होते. तो टॉवेलांकडे बघत होता. कडेची काही फळं काळी पडली होती. आतली लाल होती. ओढ्याकडच्या ओळीही लाल होत्या. गिरिजा शेवटच्या ओळीपाशी मटकन बसली आणि पदराने नाक पुसलं. भावाने वाकून दोनचार रोपांची पानं वर केली. मग पिशवी काखेत मारून जसा आला तसा वर निघून गेला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही," गिरिजा म्हणाली. "पण बियाणं परत नेलं."

तिने दिली तेवढी फळं आम्ही विकत घेतली. फार नव्हती, बाकीची उटीच्या दुकानांना कबूल केलेली होती. माझं रोप तिथेच ठेवलं. एवढ्या लांब आणलेल्या पेशंटला एका रात्रीत घरी नेणं मला पटेना. बंदीपूरचा नाका बंद व्हायच्या कितीतरी आधी आम्ही जंगल पार केलं. डिक्कीत चिखलाचे ओले टॉवेल, मागे काकू, त्यांच्या मांडीवर स्ट्रॉबेऱ्या.

"तुझा माझ्यावर विश्वास नव्हता," गुंडलुपेटेपाशी मी मंदारला म्हणाले.

"तुझ्यावर होता गं. आपल्या गच्चीवर नव्हता."

हे त्याने घरून निघतानाच सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही खरं.

टॉवेल दोनदा धुतले. कडेला तपकिरी डाग राहिलेच. हळदी-कुंकवाला प्रत्येकीच्या हाती एक टॉवेल आणि त्यावर दोन दोन स्ट्रॉबेऱ्या ठेवल्या. ग्रुपवर सगळ्यांत जास्त "वाट बघतोय हं" लिहिणारी बाई पहिलीच आली. तिने फळाचा वास घेतला.

"घरची ना?"

या प्रश्नाचं उत्तर मी आरशासमोर पाठ केलं होतं. पण समोर हळद लावलेलं कपाळ होतं आणि हातात तो डागाचा टॉवेल. माझ्याने होईना.

"गिरिजाच्या घरची," मी म्हणाले.

"कोण गिरिजा?"

मग काकू पुढे सरकून बसल्या. कुंडी, नाक्यावरचा माणूस, फळांवरचे दगड, नोव्हेंबरातले टॉवेल, सगळं सांगितलं. जे घडलं नव्हतं तेही थोडं सांगितलं. बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या. मीही हसले. गाळणीवाली म्हणाली की तिने तो टॉवेल वापरायला काढायचा नाही असं ठरवलंय. घरी नेऊन तिने तो लगेच वापरायला काढला असणार.

गच्चीत आता मी मेथी लावली आहे. मेथी बरी येते. मंदार रोज वर जाऊन बघतो आणि काही छापून आणत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी गिरिजाचा फोटो आला. शेवटच्या ओळीच्या टोकाला माझं रोप, आणि त्याला एक फळ, चांगलं लालबुंद. खाली तिने विचारलं होतं, पाठवू का? मी लिहिलं, नको, तुझ्या भावाला दे.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. "अण्णाने खाल्ली. आंबट आहे म्हणाला. दुसरी कधी धरेल, विचारत होता."