पूल राखणाऱ्या सॉर्टरबाई

शनिवारची सकाळ होती. गॅसवर दूध तापत होतं, मोरीत कपड्यांचं यंत्र खडखडत होतं आणि सॉर्टरबाई स्टुलावर उभ्या राहून नवऱ्याचा फोन खिडकीच्या गजाला अडकवत होत्या. अडकवायला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. फोनचं मागचं रबरी कव्हर काढून टाकलेलं, आणि फोनमधून निघालेली वायर पडद्यामागून, कपाटाच्या कडेने थेट टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपपर्यंत. चिमटा घट्ट बसला की नाही ते बघताहेत तोच दारावर थाप पडली.

गॅस बारीक करून त्यांनी दार उघडलं. समोरच्या ब्लॉकमधली पार्लरवाली होती. हातात मोजे, मोज्यांना केसांचा रंग.

"काकू, आपलं नेट बंद पडलंय का हो?"

"आपलं?"

"म्हणजे तुमचं. सकाळपासून गाणी लागत नाहीत. एका बाईंना डोक्याला रंग लावून बसवलंय, त्या नुसत्या भिंतीकडे बघतायत."

"तुम्ही आमच्या नेटवर गाणी लावता?"

"काका म्हणाले होते ना, वापरत जा म्हणून. चार महिने झाले असतील." पार्लरवाली अगदी निर्मळपणे हसली. "माझं आहे हो. पण ते जपून वापरते."

सॉर्टरबाईंनी दाराची कडी हातात घट्ट धरली. चार महिने. बरोबर चार महिने त्या पुलावर मरत होत्या.

हे पूल-प्रकरण आधी सांगायला हवं.

सॉर्टरबाईंनी एकतीस वर्षं टपालाच्या वर्गवारी खात्यात काढली. भिंतभर लाकडी खण, समोर पत्रांचा ढीग, आणि हाताने पत्र उचलून पत्ता वाचायचा की खणात टाकायचं. नवीन माणसं वाचून मग हात हलवत. बाईंचा हात वाचता वाचताच निघालेला असे. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात 'वेगवान हात' म्हटलं तेव्हा त्यांना शालीपेक्षा त्या दोन शब्दांचं जास्त अप्रूप वाटलं होतं. मग घरी बसल्या, आणि त्या हातांना भाजी निवडण्यापलीकडे काम उरलं नाही. मुलीने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर रणगाड्यांचा एक खेळ होता. चार विरुद्ध चार, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून. तो एकदा सहज उघडला, आणि बाईंना कळलं की हे खणच आहेत, फक्त हलणारे. वर्षभरात त्या एका बऱ्या संघात शिरल्या. त्यांचं काम पूल राखायचं. शत्रूचा रणगाडा पुलावर आला रे आला की उडवायचा. उडालेला रणगाडा थोड्या वेळाने परत मैदानात येतोच, की पुन्हा उडवायचा.

पण गेले चार महिने रणगाडा पुलाच्या पलीकडे दिसे, मग चित्र गोठे, आणि पुन्हा हललं की तो पूल ओलांडून बाईंच्या पाठीशी उभा. बाईंचा गोळा रिकाम्या पुलावर. संघाची कप्तान दिवसा दातांच्या कवळ्या घडवणारी एक तरुण मुलगी. तिला कधी कोणी पाहिलेलं नाही, फक्त कानात आवाज. ती मनाने चांगली. तिने एकदा हळूच विचारलं होतं, "आजी, हात दुखत असेल तर सांगा हं. आपल्याकडे राखीव खेळाडू आहे."

हात. सगळं सोडून नेमकं हातावर आलं. बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

इमारतीत वायरचं नेट येत नाही. कंपनीचा माणूस तीनदा येऊन जिना मोजून गेला; जिना तेवढाच आहे. बाईंचा स्वतःचा फोन धुण्याच्या बादलीत पडून मेला, म्हणून घरात आता एकच फोन, नवऱ्याचा. त्याच्यावर हॉटस्पॉट लावायचा आणि लॅपटॉपला त्यातून नेट द्यायचं. बाईंनी फोनच्या कंपनीला विचारलं तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आपला स्पीड उत्तम दिसतोय."

"अहो, पोत्यात किती पत्रं मावतात ते मी विचारत नाहीये," बाई म्हणाल्या. "टाकलेलं पत्र किती वेळात पोचतं, ते विचारतेय."

"मॅडम, आपला स्पीड उत्तम दिसतोय."

फोन ठेवल्यावर बाई तासभर धुमसत होत्या. एकतीस वर्षं टपालात काढलेल्या बाईला हे सांगायचं? खेळातला प्रत्येक गोळा म्हणजे एक चिमुकलं पत्र. ते जायचं, आणि त्याची पोच परत यायची. त्या जाण्यायेण्याला किती वेळ लागला, त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले किती. पन्नास-साठ असले तर पूल आपला. तीनशे-चारशे झाले तर पूल कोणाचाही.

मग त्यांनी वही उघडली. खात्यात उशिराच्या टपालाचा शोध घ्यायची रीत होती तशीच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दहा वेळा आकडा टिपायचा, मग पुढची. फोन फ्रिजवर: तीनशे वीस. फोन खिडकीत: दोनशे दहा. फोन तापलेला, कव्हरसकट: पुन्हा तीनशे. कव्हर काढून, वाऱ्यावर: दोनशे. फोन आपसूक फोटो नेटवर चढवत होता, ते बंद केलं. लॅपटॉप गुपचूप स्वतःचे अपडेट उतरवत होता, तेही थांबवले. खेळाचं जवळचं केंद्र, म्हणजे सर्व्हर, निवडलं. आकडा उतरे, पण सकाळी दहा वाजले की पुन्हा चढे. दहा वाजता काय होतं, ते काही वहीत सापडेना. शेवटी आज त्यांनी हॉटस्पॉटच बंद केला आणि फोन वायरने जोडला. आकडा चोपन्न. दहा मिनिटं झाली तरी चोपन्न, पंचावन्न, चोपन्न.

आणि दहाला पार्लर उघडतं, हे त्यांना आत्ता दारात उभं राहून कळलं.

"बघते मी," एवढं म्हणून त्यांनी पार्लरवालीला वाटेला लावलं आणि आत वळल्या.

नवरा शाळेत कवायत शिकवायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळे त्याला मास्तरच म्हणत. मास्तर चहात टोस्ट बुडवत होते.

"अहो, पासवर्ड कोणाकोणाला दिलात?"

"ज्याने मागितला त्याला."

"किती जणांनी मागितला?"

मास्तरांना हजेरीची सवय. त्यांनी बोटं मोजली. "पार्लरवाली. तळमजल्यावरचे वकील. गच्चीवर टाकी दुरुस्त करणारे दोघं, ते गेले पण. आणि जिन्यात बसायचा तो कुरिअरवाला."

"कुरिअरवाला," बाई म्हणाल्या. एवढा एकच शब्द, पण मास्तरांचा टोस्ट चहात पडला.

"अगं, माणूस उन्हातून आलेला. पाणी देतो तसं दिलं."

"आणि दारामागच्या पाटीवर लिहून ठेवलाय तो कशाला?"

पाटी खरंच होती. मास्तरांच्या सुबक अक्षरात, खडूने, खाली दोन रेघा मारून. बाईंना वाटलं होतं, मास्तर स्वतः विसरतात म्हणून लिहिलाय.

"सारखं सारखं कोण सांगणार? म्हटलं, येणाऱ्याने वाचून घ्यावा." मास्तर चमच्याने टोस्ट शोधू लागले. "आणि लोकांनी थोडं वापरलं तर आपलं काय जातं?"

"माझा पूल जातो," बाई म्हणाल्या. "चार महिने ती मुलं मला म्हातारी समजतायत. माझा हात गेला असं मला स्वतःला वाटायला लागलं होतं. आरशासमोर हात पुढे धरून बघत होते मी, थरथरतो का म्हणून. आणि इथे खाली वकील बसलेत मालिका बघत."

आरशाचं मास्तरांना माहीत नव्हतं. ते उठले, ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि बराच वेळ पुसत राहिले.

अकराला सराव होता. बाईंनी कानात इअरफोन घातले, वायर एकदा हलवून पाहिली आणि पुलावर जाऊन उभ्या राहिल्या. पहिला रणगाडा आला, उडाला. दुसरा दगडाआडून निघाला, निघताच उडाला. बाई विचार करत नव्हत्या. हात वाचता वाचता निघत होता. कोपऱ्यात छप्पन्न. सहावा उडाला तेव्हा कानात कप्तानचा आवाज आला, "आजी, आज कोणाला बसवलंय तुमच्या जागी?"

"मीच आहे. चार महिने दुसरंच कोणीतरी होतं."

संघ हसला. आणि त्याच वेळी खिडकीत फोन वाजला. पडदा गोठला. फोन जुना; त्यावर कोणाचा फोन आला की नेट मुकं होतं. बाई स्टुलावर चढेपर्यंत मास्तरांनी धावत येऊन चिमट्यासकट फोन ओढला होता.

मुलगी होती. "बाबा, माळ्यावरचा तो टेबलफॅन अजून आहे का?"

पंखा होता. पूल नव्हता. बाई परतल्या तेव्हा शत्रूचे चारही रणगाडे पुलाच्या अलीकडे उभे होते आणि सराव संपला होता.

"आजी," कप्तान म्हणाली, "हात नव्हता तो, हे आज कळलं. चुकलंच माझं. पण उद्या अकराला निवडीचा सामना आहे. तिथे असं झालं तर राखीवला घेण्यावाचून मला इलाज नाही. बाकीच्या तिघांचंही जातं त्यात."

"बरोबर आहे तुझं," बाई म्हणाल्या, कारण ते बरोबरच होतं.

मास्तरांनी सुचवलं, उद्या तासभर येणारे फोन अडवून ठेवू, तशी सोय असते. बाईंनी मान हलवली. मास्तरांच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन परवाच झालेलं, आणि दवाखान्यात हाच नंबर दिलेला. दवाखान्याचा फोन अडवायचा नाही. त्यासाठी पूल गेला तर जाऊ दे. पण टेबलफॅनसाठी जाऊ द्यायचा नाही.

त्यांनी मुलीला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. दारात पार्लरवाली पुन्हा आली होती, मोजे काढून. तिलाही हाताने थांबवलं.

"आई, तू चिडलीस? अगं, खेळच आहे ना," मुलगी म्हणाली.

"तू परीक्षेला बसायचीस तेव्हा मी दाराची घंटा काढून ठेवायचे. आठवतंय?"

"ती परीक्षा होती, आई."

"आणि हे माझं काम आहे. एकतीस वर्षं माझा हात चुकला असं कोणी म्हटलं नाही. आता म्हणाले, आणि चूक हाताची नव्हती. ती तुझ्या बाबांच्या पाटीची, यांच्या गाण्यांची आणि तुझ्या पंख्याची. दहा जणांच्या सोयीत माझी चार महिने गैरसोय झाली, आणि एकानेही विचारलं नाही की हे नेट कोणाला लागतं का."

पार्लरवाली खाली बघत म्हणाली, "काकू, मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं, काकांचंच आहे."

"सगळ्यांना तेच वाटलं," बाई म्हणाल्या. आवाज आता उतरला होता. "आत या, चहा घ्या. संध्याकाळी हॉटस्पॉट लावेन, तेव्हा हवं तर लावा गाणी. मला फक्त एकच पाहिजे."

फोनमध्ये मुलगी थांबली होती. मास्तर कोरी पाटी हातात धरून उभे होते.

"उद्या सकाळी अकरा ते बारा या फोनवर कोणी फोन करू नका."